पाणी डुलतच राहिले

प्रयोगाचे उत्तर पुस्तकाप्रमाणे आले नाही की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, चूक कोणाची? पाण्याचेही काही म्हणणे असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. म्हणून ही गोष्ट प्रत्येक विज्ञानशिक्षकाने मुलांना सांगावी असे मला वाटते.

१९११ च्या सुमारास जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांचा विद्यार्थी हिमेन्ट्स वाहत्या पाण्यात दंडगोल ठेवून त्याच्यावरचा दाब मोजत होता. त्याला प्रवाह स्थिर हवा होता आणि तो तर डुलत होता! प्रांटल म्हणाले, दंडगोल पुरता गोल नसेल. त्याने तो अधिक गोल करून घेतला. मग पाण्याचा पाट दोन्ही बाजूंना सारखा नसेल. तोही दुरुस्त केला. पाणी डुलतच राहिले. तिथेच काम करणारे थिओडोर फॉन कार्मान रोज त्याची चौकशी करत. शेवटी त्यांच्या मनात आले, डुलणे हा पाण्याचा स्वभावच असेल तर?

त्यांनी गणित मांडले. दंडगोलामागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात. त्यांच्या दोन रांगा समोरासमोर टिकत नाहीत. एकाआड एक असल्या तरच, आणि तेही एका ठरावीक प्रमाणात, टिकतात. रांगांमधले अंतर हे एका रांगेतल्या लागोपाठच्या भोवऱ्यांमधल्या अंतराच्या सुमारे ०.२८ पट. असे भोवरे फ्रान्समध्ये बेनार यांनी आधीच पाहिले होते, आणि वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारेचा सूर स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्येच मोजला होता. त्या हिशेबाने सेकंदाला अर्धा मीटर वाहणाऱ्या पाण्यात दहा सेंटिमीटर जाडीचा खांब रोवला, तर एका बाजूने साधारण सेकंदाला एक भोवरा सुटतो.

आज उंच धुराडी या भोवऱ्यांनी हलू नयेत म्हणून त्यांच्या माथ्याकडे नागमोडी पट्ट्या गुंडाळतात. उलट नळातला प्रवाह मोजायला हेच भोवरे मोजणारी यंत्रेही आहेत. जो दोष वाटला, तोच मापाचा झाला!

आणि आपली जर्नले? रेषेबाहेरचे रीडिंग खोडायचे, नाहीतर शेजाऱ्याचे उतरवायचे. बहुतेक वेळा चूक आपलीच असते, हे खरे. प्रांटल यांनीही आधी तोच संशय घेतला. पण हिमेन्ट्सने पाणी स्थिर झाल्याचे खोटे लिहिले नाही. रेषेबाहेरचे रीडिंग तसेच ठेवून त्याचा पाठपुरावा करणाऱ्या मुलाला दोन गुण जास्त द्या. बाकीचे पाणी सांगेल.