खाऱ्या पेटीतला श्वास

अकोला-अमरावतीहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण हौसेला मोल नाही. ज्यांनी काचेच्या पेटीत समुद्रातले रंगीत मासे पाळले आहेत, त्यांना उन्हाळ्याआधीच आमचे सांगणे आहे. मासा मेला की खाणे बाधले म्हणतात. पुष्कळदा तो गुदमरलेला असतो. २५ अंशांवर लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. पाणी तापले की तोही घटतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, कल्ले भराभर हलू लागले, की ओळखावे.

नुसते बुडबुडे पुरत नाहीत, वरचे पाणी हलते हवे. पंपाचे तोंड वर वळवावे, झाकणाऐवजी जाळी टाकावी, टेबलपंखा लावावा. पंख्याने पाणी आटते, मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती क्लोरीन घालवलेल्या गोड्या पाण्याची. आपल्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी खारट म्हणून कोणी ओतू नये. ते समुद्राचे नव्हे.

वीज गेली तर बॅटरीवरचा पंप हवाच. आमच्या मते तो माशांच्याही आधी घ्यावा. नसेल तर पेल्याने पाणी उचलून वरून सोडत राहावे, आणि वीज येईतो खाणे मुळीच टाकू नये.