परदेशी पाहुण्याची नजर

पुण्यात शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी तुम्ही पाहिले असतील. कोणी इराणचे, कोणी येमेनचे, कोणी आफ्रिकेतले. आपण त्यांच्याकडे वळून वळून पाहतो. पण तेही आपल्याला पाहत असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. नवख्या माणसाला वाटते, हा जातो आहे की येतो आहे? पुण्यातली कित्येक दुकाने दुपारी १ ते ४ बंद का असतात, हेही त्याला कळत नाही. खरे म्हणजे ते आपल्यालाही नीट सांगता येत नाही!

इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी आपल्या भागात आला होता. होर्मुझ बंदरातून एक घोडा घेऊन तो जहाजाने निघाला आणि कोकणातल्या चौलकडे उतरला. तेथून तो जुन्नरला आला. जुन्नर पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. तेव्हा तेथे बहमनी सुलतानांचे राज्य होते. निकितीनने पावसाळा जुन्नरला काढला आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. रात्रंदिवस पाऊस, जिकडे तिकडे चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात. येथे घोड्यांना खिचडी शिजवून घालतात, याचीही त्याने नोंद केली. गोरा माणूस पाहून लोक त्याच्या मागे मागे फिरत. म्हणजे आपली ही सवय पाचशे वर्षांहून जुनी आहे.

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. तेव्हा खुरासानहून आलेल्या महंमद नावाच्या गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. एका परदेशी माणसासाठी दुसरा परदेशी माणूस धावून आला.

निकितीनचे सारेच लिहिणे खरे नाही. माकडांना राजा असतो आणि त्याच्यापाशी फौज असते, असे तो लिहितो. ‘गुकुक’ नावाचा पक्षी ज्या घरावर बसतो तेथे माणूस मरतो, असेही लिहितो. हे त्याने पाहिलेले नव्हते, ऐकलेले होते. पण त्याला हसण्याआधी जरा थांबा. घुबडाबद्दल असेच बोलणारे लोक आपल्याकडे आजही भेटतात. त्याने आपलीच समजूत लिहून नेली.

मला त्याची एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. तो येथे ‘ख्वाजा युसूफ खुरासानी’ या नावाने वावरत असे. पुढे बिदरला त्याने ओळखीच्या हिंदू लोकांना आपले खरे नाव आणि आपला धर्म सांगितला. त्यानंतर त्यांनी आपले खाणेपिणे, व्यापार, पूजा, काहीच त्याच्यापासून लपवले नाही. रस्त्यावरून जे दिसत नाही, ते त्याला घरात बसून कळले.

आपण मात्र परदेशी विद्यार्थ्याला ‘कोणत्या देशाचा?’ एवढेच विचारतो आणि पुढे जातो. मग त्याने ऐकीव गोष्टी लिहिल्या तर निम्मा दोष आपला. येत्या ईदला अशा एखाद्या विद्यार्थ्याला शीरखुर्मा प्यायला घरी बोलावून पाहा. तो आधी विचारील, यात काय काय घातले आहे? मग तुम्हीही विचारा, त्याच्या गावी ईदला काय शिजते ते.