विश्लेषण : विंचू चावला की जीव कासावीस होतो, मण्यार चावली तर पत्ताही लागत नाही, असं का?

सर्पदंशानं देशात दरवर्षी सुमारे ५८ हजार मृत्यू होतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्रानं मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं राज्यांना कळवलं. पण तळेरे, वैभववाडी, कणकवली या पट्ट्यातल्या वाड्यांवर पहिला निर्णय घरातच होतो : आत्ता निघायचं की सकाळी बघायचं? ‘फार दुखत नाही ना, मग थांबू’ हा त्यातला सर्वांत धोकादायक विचार.

शरीराला दुखलेलं कळतं कसं?

त्वचेत वेदना टिपणाऱ्या चेतापेशींची टोकं असतात. काही टोचलं की पेशीवरची सूक्ष्म दारं उघडतात, सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि विजेची लहर कण्याकडून मेंदूकडे धावते. ही दारं साधारण मिलिसेकंदभरात बंद होतात. प्रत्येक लहर सारखीच असते. जास्त दुखलं तर लहरी जास्त वेळा येतात. मेंदू ही मोजदाद वाचतो.

लाल विंचवाचं विष काय करतं?

गडग्यात, जांभ्या दगडांखाली सापडणाऱ्या लाल विंचवाचं विष ही सोडियमची दारं वेळेवर बंद होऊ देत नाही. त्यामुळे चेतापेशी थांबतच नाहीत. आधी असह्य कळ येते. मग घाम, उलट्या, हातपाय गार पडणं आणि पुढे हृदय व फुप्फुसांवर ताण. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मण्यार चावल्यावर दुखत का नाही?

मण्यारचे दात बारीक असतात आणि दंशाच्या जागी सहसा सूज येत नाही. त्यामुळे वेदनेच्या पेशींना कळवण्यासारखं फारसं काही नसतं. विषाचा रोख दुसरीकडे असतो. मेंदूचा आदेश स्नायूपर्यंत पोचवण्यासाठी चेतापेशीचं टोक ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडतं. मण्यारचं विष ही टोकंच निकामी करतं. आदेश निघतो, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो आणि घरच्यांना वाटतं, अपचन झालं.

वेळ इतकी महत्त्वाची का?

प्रतिविष रक्तातलं विष निष्प्रभ करतं, पण निकामी झालेली टोकं दुरुस्त करत नाही. ती पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. तोवर रुग्णाला व्हेंटिलेटरवर श्वास द्यावा लागतो.

म्हणून दंशाचा संशय आला तरी १०८ ला फोन करा. चावलेला हात-पाय हलवू नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. नोंद सक्तीची झाली की आकडे कळतील. पण प्रतिविष आणि व्हेंटिलेटर रात्री-अपरात्रीही मिळेल असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे प्रत्येक वाडीला पावसाळ्याआधीच ठाऊक हवं.