खिडकी उघडते का?

आमची भाची कार्डिफला नर्स आहे. ऑक्टोबरात तिने एक व्हिडिओ पाठवला. वेल्सच्या डोंगरदऱ्यांतून जाणारी गाडी, नाव ब्रिटानिक एक्सप्लोरर. जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. अख्ख्या गाडीत प्रवाशांच्या खोल्या फक्त अठरा. पलंगावर पांढरीशुभ्र चादर, शेजारी फुलदाणी, जेवायला नामांकित आचारी, आणि बाहेर तिकडचा शरद ऋतू. ओक आणि बीचची पानं पिवळी-तांबूस झालेली, डोंगरावरचं नेचं गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं, वर बारीक पाऊस. तीन रात्री गाडीतच राहायचं, दिवसा उतरून फिरायचं, रात्री परत आपल्या पलंगावर.

धाकटीने लगेच भाडं शोधून काढलं. माणशी पाच लाख रुपयांच्या पुढे! घरात एकच हशा झाला. आपल्याकडेही अशी गाडी आहे, हे आम्ही मुलांना सांगितलं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि रेल्वे यांनी २००४ साली सुरू केलेली निळी डेक्कन ओडिसी. कोरोनाच्या काळात बंद पडली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा निघाली. तिचं भाडंही लाखांतच. मुलांनी त्याच दमात तीही यादीतून काढून टाकली.

अम्मीचं मात्र भाड्याकडे लक्षच नव्हतं. गाडीने वळण घेतलं, खिडकीतून तिचेच पुढचे डबे दिसले, आणि अम्मी म्हणाली, "अगे, ये तो अपनी शकुंतला जैसी मुड़ती!"

अम्मीचं माहेर अचलपूर आणि तिची नानी मूर्तिजापूरची. मधलं अंतर ७६ किलोमीटर. ते तिने लहानपणी किती वेळा शकुंतलेने कापलं, याचा हिशेब तिलाही नाही. वऱ्हाडात ही गाडी ठाऊक नाही असं घर विरळा. अडीच फुटांचे रूळ, मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा ११३ किलोमीटरवर यवतमाळला. इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने ही लाइन टाकली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढायचा, तिथून मुंबई, आणि बोटीने विलायतेच्या गिरण्यांत. गंमत बघा, ज्या मँचेस्टरला आपला कापूस गेला, तिथेच १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं. नंतर डिझेल आलं. आता तेही नाही, गाडी बंद आहे.

"दर्यापूरला चहा, अंजनगावला पान," अम्मी मुलांना सांगत होती. "हळू इतकी की मुलं उतरून बोरं वेचायची आणि पुन्हा चढायची." बोरांची गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे आहे. सगळ्यांचीच खरी असेल असं नाही, पण अम्मीची आम्ही खरी मानतो.

भाचीला हे कळवलं तर तिचा उलट निरोप आला. वेल्समध्येही अशाच अरुंद रुळांच्या गाड्या होत्या, त्या पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी. छपराला लागणारा तो काळा दगड बंदरापर्यंत न्यायचा. धंदा बसला तशा गाड्याही बसल्या. पण टॅलिलिन नावाची लाइन बंद पडायला आली, तेव्हा गावोगावच्या हौशी लोकांनी मंडळ काढलं आणि १९५१ पासून ती स्वतः चालवायला घेतली. कुणी शिक्षक, कुणी कारकून, सुट्टीच्या दिवशी रूळ साफ करायचे, तिकिटं फाडायचे. फेस्टिनिओगची लाइन १९४६ ला बंद पडली होती, तीही १९५५ पासून अशाच लोकांच्या हातून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आज लोक पैसे देऊन दगडाच्या गाडीत बसतात. आमची कापसाची गाडी का नाही, असं अम्मीने विचारलं. आम्ही दोघं शिक्षक, वर्गात कुठल्याही प्रश्नाला काहीतरी उत्तर देतोच. इथे गप्प बसलो.

त्या रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्या घरात रेल्वेचं तिकीट निघालं ते लग्नासाठी, मय्यतीसाठी, परीक्षेसाठी किंवा दवाखान्यासाठी. अम्मीचे शेवटचे दोन प्रवास नागपूरला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डाव्या डोळ्याचं आता फार काही होणार नाही, उजवा सांभाळा, असं त्यांनी सांगितलंय. बघायचं म्हणून ती कधीच कुठे गेली नव्हती.

भाऊ म्हणाला, ही फजूलखर्ची आहे, त्याच पैशात मागच्या खोलीचं छत होईल. त्याचं चुकत नव्हतं, पावसाळ्यात ते छत गळतं. पण अम्मीचा उजवा डोळा पुढच्या दिवाळीपर्यंत कसा असेल हे कोण सांगणार? छत आणखी एक पावसाळा ताडपत्रीवर काढेल, असं आम्ही ठरवलं. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन अम्मीसाठी गुडघ्याचा पट्टा देऊन गेला.

नोव्हेंबरात दोन किरकोळ रजा टाकल्या. रिद्धपूरहून एसटीने अमरावती, तिथून रात्रीची मुंबईची गाडी. हौसेने पहिल्या वर्गाच्या एसी डब्याची तिकिटं काढली होती. चौघांची केबिन, सरकणारं दार, धुतलेली चादर. अम्मीने दार लावून घेतलं आणि कुणाच्या पायात न येता, कुणाला बाजूला व्हा न म्हणता, बसून इशाची कसर नमाज पढली. "हाच खरा आराम," म्हणाली. आमचे पैसे तिथेच वसूल झाले म्हणायला हरकत नाही.

पण मग ती खिडकीशी बसली. काच उघडत नाही, बाहेर अंधार, काचेत तिचाच चेहरा. बडनेरा गेलं, मूर्तिजापूरही गेलं. तिच्या नानीचं गाव! तिने काचेला हात लावून आडोसा केला, काही दिवे दिसले तेवढेच. मऊ गादीच्या नादात आम्ही तिला रात्री घेऊन निघालो होतो. तेव्हा वाटलं, वेल्सच्या त्या गाडीतली हुशारी गादीत नसावी. ती दिवसाउजेडी हळू चालते आणि रात्री निजवते. आम्ही त्यातलं निजवणं तेवढं विकत घेतलं होतं.

पहाटे कल्याणला उतरलो, लोकलने नेरळ. पावसाळ्यात बंद असलेली माथेरानची गाडी नुकतीच सुरू झाली होती. तिकिटं तिथल्याच खिडकीवर मिळतात, त्यामुळे रांगेत उभं राहावं लागलं. रांगेत आम्ही मुलांना सांगितलं की ही लाइन बांधली अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांनी. बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव. बापाचा पैसा, मुलाचं काम. १९०४ ला सुरुवात, १९०७ ला गाडी धावली, खर्च सोळा लाख. रूळ दोन फुटांचे, म्हणजे शकुंतलेपेक्षाही अरुंद. आमच्या शाळेच्या पुस्तकांत हे नाव आम्हाला कधी भेटलं नाही. घरोघरी मुलांना सांगावं असं ते आहे.

गाडी हलली. जुम्मापट्टी, मग वॉटर पाइप. नालेच्या आकाराची वळणं घेत ती इतकी सावकाश चढते की कड्यावरची गवताची काडीदेखील ओळखू यावी. आपल्याकडचा शरद वेल्ससारखा पिवळा नसतो. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर अजून हिरवे, गवताच्या टोकाला तेवढी सोनेरी छटा. याच दिवसांत आमच्याकडे मोर्शी-वरूडच्या बागांत संत्रीला रंग चढतो आणि शेतात कापसाची वेचणी चालू असते. ते पाहायला मात्र आम्हाला कधी सुट्टी मिळत नाही, हीही एक गंमतच.

अम्मीने उजवी बाजू धरली, चांगल्या डोळ्याची. खिडकी उघडी होती. तिने हात बाहेर काढून पाहिला आणि धाकटीचा ओरडा खाल्ला. प्रत्येक वळणावर इंजिन दिसलं की ती मुलांच्या आधी सांगायची. एका थांब्यावर माकडाने आमच्या डब्यातले दोन शामी कबाब लांबवले. अम्मी इतकी हसली की समोरच्या बाईंनी तिला पाणी दिलं. अडीच तासांहून जास्त वेळ लागला आणि तिला तो कमी वाटला.

माथेरानला मोटारी नाहीत. लाल मातीच्या रस्त्यावर आम्ही तिला हळूहळू चालवलं आणि एका बाकावर बसवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, अब्बांनी ही गाडी पाहिली होती का? नव्हती. ती "हं" म्हणाली आणि पुन्हा दरीकडे बघत बसली.

घरी परतल्यावर भाचीचा फोन आला. अम्मीने तिला अख्खी गाडी ऐकवली, माकडासकट. भाची म्हणाली, "नानी, पुढच्या वर्षी तुम्ही इकडे या. लाखोंच्या गाडीत नाही, पण त्या दगडवाल्या छोट्या गाडीत मी तुम्हाला नक्की बसवते."

अम्मीने फोन कानाजवळ आणखी घट्ट धरला आणि विचारलं, "उसकी खिड़की खुलती क्या?"