आत्मकथनातील ‘मी’ आणि समीक्षेची सोय

मराठी समीक्षेने आत्मपर लेखनाची एक वाटणी बिनबोभाट करून टाकली आहे. धोंडो केशव कर्वे ‘आत्मवृत्त’ (१९१५) लिहितात, लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’ लिहितात, सुनीता देशपांडे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) लिहितात, तेव्हा त्या लेखनात व्यक्तिमत्त्वाचा शोध असतो. दया पवार, शरणकुमार लिंबाळे, बेबी कांबळे लिहितात तेव्हा मात्र त्यांचा ‘मी’ हा ‘समूहाचा मी’ ठरतो, लेखन ‘सामाजिक दस्तऐवज’ ठरते आणि गुण म्हणून ‘दाहक वास्तव’ एवढेच नोंदवले जाते. पहिल्याला आत्मचरित्र म्हणायचे, दुसऱ्याला आत्मकथन. पदव्युत्तर वर्गांतील टिपणांपासून प्रबंधांच्या प्रस्तावनांपर्यंत ही वाटणी इतकी मुरली आहे की ती मांडताना कोणाला पुरावा देण्याची गरज भासत नाही.

या वाटणीचा उगम अनादरात नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘आत्मकथन’ ही संज्ञा पुढे आली तिला सबळ कारण होते. आत्मचरित्र हे कर्तृत्वाच्या अखेरीस, मागे वळून पाहत लिहावयाचे, असा संकेत होता. कर्व्यांनी ते सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास लिहिले. लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. ‘उपरा’ (१९८०) लिहिणारे लक्ष्मण माने जेमतेम तिशी ओलांडलेले. ज्यांचे आयुष्य सुरू होण्यापूर्वीच अडवले गेले त्यांच्या लेखनाला वेगळे नाव हवे, हे ठीकच. परंतु नाव वेगळे केल्यावर समीक्षेने वाचनही वेगळे केले. एका रांगेतील पुस्तकांत निवेदक कसा उभा राहतो हे पाहायचे, दुसऱ्या रांगेतील पुस्तकांत निवेदकाने काय भोगले ते मोजायचे. भोगणाऱ्याला ‘स्व’ बहाल करून सांगणाऱ्याचा ‘स्व’ काढून घेण्याचा हा प्रकार आहे आणि तो सहानुभूतीच्या भाषेत घडतो म्हणून अधिक आक्षेपार्ह आहे.

‘बलुतं’ (१९७८) हेच पाहावे. या पुस्तकाचा प्रारंभच ‘समूहाचा मी’ या सूत्राला छेद देणारा आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. दोघे एकच आहेत आणि एक नाहीत. एकाचे नाव गावकुसाबाहेरच्या महारवाड्याने आणि शाळेच्या दाखल्याने दिलेले; दुसऱ्याचे नाव ‘कोंडवाडा’ (१९७४) या कवितासंग्रहावर छापलेले. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची अडचण होते, ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची लाज वाटते आणि तरीही तो उठून जाऊ शकत नाही. कावाखान्यातील दिवस असोत की गावातील येसकरकीचे, प्रत्येक आठवण या दोघांमधल्या अंतरातून येते. हे अंतर म्हणजे निवेदनाची युक्ती नव्हे, तेच या पुस्तकाचे आशयद्रव्य आहे. समूहाच्या वतीने बोलणाऱ्याला असे दुभंगून बोलण्याचे कारण काय? शिवाय, हा ‘मी’ समूहाचाच असता तर समूहाने त्याला आपला म्हणून निमूट स्वीकारले असते. प्रत्यक्षात ‘बलुतं’वर दलित समाजातूनही आक्षेप आले, घरचा उकिरडा चव्हाट्यावर का मांडला, असे विचारले गेले. समूह ज्याच्यावर रागावतो तो त्या समूहाचा निव्वळ प्रवक्ता कसा असेल?

इथे पाश्चात्त्य मीमांसेचा आधार घेणाऱ्यांचीही पंचाईत होते. फिलिप लझन यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्रात्मक कराराची संकल्पना मांडली: लेखक, निवेदक आणि नायक हे तिघे एका नावाने बांधलेले असतात आणि मुखपृष्ठावरील सही हा वाचकाशी केलेला करार असतो. ही संकल्पना आपल्याकडे जवळजवळ सूत्रासारखी पाठ केली जाते. पण नाव ही वस्तू जेथे आधीच तंट्यात आहे तेथे करार करायचा कोणत्या नावाने? ‘अक्करमाशी’ या शब्दातच हा तंटा आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. एक मासा कमी पडला की माणूस हिणकस. बाप पाटील, आई महार. आजीबरोबर राहणारा आणि नातवाला आजोबाच वाटणारा महमूद दस्तगीर जमादार मुसलमान. शाळेला मात्र एका रकान्यात एकच उत्तर हवे असते. बापाचे नाव लिहिले तर बाप नाकारणार, न लिहिले तर नोंद अडणार. लझन यांच्या करारातील सही ही नागरिकाची सही आहे; ज्याच्या मागे नोंदवही आणि वारसाहक्क निर्वेधपणे उभे आहेत अशा माणसाची. लिंबाळे ती सही गृहीत धरू शकत नाहीत. ती मिळवणे, निदान तिच्यासाठी भांडणे, हेच कथन होऊन बसते. ‘उचल्या’मध्ये (१९८७) लक्ष्मण गायकवाड यांच्यापुढचा पेच याहून जुना आहे: १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची ओळख जन्मापूर्वीच लिहून ठेवली, त्यांच्यावरचा शिक्का कायदा रद्द झाल्यावरही पोलीस चौकीच्या डोक्यातून गेला नाही.

पॉल रिकर यांची ‘कथनात्मक अस्मिता’ अलीकडे अधिक प्रिय आहे. माणूस आपली गोष्ट सांगतो आणि त्या सांगण्यातून त्याला सलग ‘स्व’ लाभतो, असे तिचे सर्वपरिचित रूप. (रिकर यांचे मूळ विवेचन याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे, परीक्षेपुरते त्याचे सुभाषित झाले, त्याला त्यांचा इलाज नाही.) गेलन स्ट्रॉसन यांनी २००४ मध्ये याला रोखठोक विरोध केला: प्रत्येक जण आपले जगणे गोष्टीसारखे अनुभवतोच असे नाही आणि तसे अनुभवल्याने जगणे चांगले होते असेही नाही. हा आक्षेप रास्त आहे, परंतु तोही एका प्रश्नाला बगल देतो. गोष्ट सांगा, असे म्हणतो कोण? ‘कुणाचा रे तू?’ हा गावातला प्रश्न, दाखल्यावरचा रकाना, शिष्यवृत्तीचा अर्ज, पोलिसाची चौकशी, आणि शेवटी ‘तुमचे अनुभव लिहा’ म्हणणारा संपादक: कथन ही बहुधा मागणी असते. ती पुरवताना माणूस जे उत्तर देतो आणि जे गिळतो, त्यांच्यामध्ये कुठेतरी त्याचे आत्मभान असते. गोष्ट सांगायची की नाही हे ठरवण्याची मुभा स्ट्रॉसन यांच्या माणसाला आहे. दगडूला ती नव्हती.

वाटणीची दुसरी बाजूही तितकीच कच्ची आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा स्वतंत्र स्त्रीव्यक्तिमत्त्वाचा आदर्श मानला जातो आणि त्यातील विनोद, स्पष्टपणा, स्वतःला हसण्याची ताकद पाहता ते योग्यच आहे. पण या लेखनाला चालना मिळाली ती नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून, आणि चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर १९३६ मध्ये देवदत्त टिळकांनी पुरा केला. १८९५ मध्ये पतीने धर्म बदलला, १९०० मध्ये त्यांनी. मधली पाच वर्षे हे ‘मी’चे चरित्र की कुटुंबाचे, की दोन धर्मांच्या उंबरठ्यावर अडलेल्या चुलीचे? दस्तऐवज म्हणून वाचायचे तर ‘स्मृतिचित्रे’ही वाचता येते. तसे कोणी वाचत नाही, कारण तेथे वाचकाला बाई दिसते. ‘जिणं आमुचं’मध्ये त्याला समाज दिसतो.

आणि तेथेच सर्वात मोठी चूक होते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) हे तर शीर्षकातच ‘आमुचं’. मग समूहवादी वाचनाला आणखी काय हवे? परंतु हे लेखन त्यांनी वीसेक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. फलटणच्या आपल्या दुकानात बसून लिहायचे आणि कागद दडवायचे. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला (२००८) जोडलेल्या मुलाखतीत त्या नवऱ्याच्या मारहाणीबद्दल आणि संशयाबद्दल बोलतात. पुस्तकात ते नाही. स्वतःपेक्षा समाजाचे दुःख सांगायचे होते, असे त्यांचे म्हणणे. समीक्षा हे म्हणणे जसेच्या तसे उचलते आणि सूत्र सिद्ध झाले असे समजते. वास्तविक त्यातून उलट निष्पन्न होते. पुस्तकात महारवाड्यातील सुनांवर होणारे अत्याचार तपशिलाने येतात, नाक कापण्यापर्यंत येतात. लिहिणारीचे स्वतःचे घर तेवढे वगळलेले राहते. हे वगळणे समूहाने केलेले नाही. ‘आम्ही’ हा शब्द तिने निवडला, वापरला, त्याच्या आडोशाला बसून लिहिले. ‘मी’ विरघळल्याची खूण म्हणून जो शब्द दाखवला जातो, तो एका बाईने आपल्या ‘मी’ला सुरक्षित ठेवण्यासाठी घातलेला आडपडदा आहे. केवळ मराठी पुस्तक हाती असलेल्या वाचकाला त्या पडद्यामागचे कळत नाही, कारण ते इंग्रजी पुस्तकाच्या मागच्या पानांत आहे; आणि ‘दलित आत्मकथनांतील समूहमन’ असा प्रश्न जिच्यापुढे ठेवला जातो त्या विद्यार्थिनीला तो पडदा आहे हे शोधण्याची गरजच पडत नाही.