मोबाइल हिसकावून घेऊ नका

‘सोशल मीडियाने पोरं बिघडली’ हे वाक्य लग्नाच्या मांडवापासून संस्थेच्या व्यासपीठापर्यंत ऐकू येते. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून माझा याला साफ विरोध आहे.

९ डिसेंबर २०२१ रोजी ‘लॉगफोरजे’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधील घातक त्रुटी ट्विटरवर उघड झाली. ती कशी शोधावी, तात्पुरता बंदोबस्त काय करावा, हे इंजिनिअर तिथेच एकमेकांना सांगत होते. कोणत्या पाठ्यपुस्तकात हे मिळाले असते?

ज्याचे काका-मामा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्याला जेवता जेवता सल्ला मिळतो. ज्यांचे अब्बा गॅरेज चालवतात, अम्मी शिवणकाम करते, त्या मुलांनी कुणाला विचारायचे? यूट्यूबवरची एनपीटेलची मोफत व्याख्याने, गिटहबवरची चर्चा, लिंक्डइनवर उत्तर देणारा अनोळखी ज्येष्ठ, हेच त्यांचे काका-मामा.

रील्समध्ये वेळ जातो, अफवा पसरतात, हे खरेच. त्यावर उपाय शिस्त आहे, बंदी नाही. नेमका प्रश्न विचारा, मिळालेले उत्तर स्वतः चालवून पाहा, शिकलेले दुसऱ्याला सांगा.

बंदीचा पहिला फटका मुलींनाच बसतो. भावाचा मोबाइल ‘अभ्यासासाठी’ आणि बहिणीचा ‘बिघडण्यासाठी’, हा हिशेब आता बंद करा.