तीन दिवसांचा इम्प्लांट कोर्स: सर्टिफिकेट मिळतं, पण हात तयार होतो का?

गेल्या महिन्यात अमळनेरच्या मामाला घेऊन जळगावात एका डेंटल क्लिनिकमध्ये गेलो होतो. मामाची खालची दाढ दोन वर्षांपूर्वीच काढली होती. आता त्या बाजूने कळण्याची भाकरी चावताना त्रास होतो, ही तक्रार. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "इम्प्लांट करता येईल." मामा खुर्चीतूनच म्हणाला, "माले स्क्रू-बिक्रू नको."

मी मात्र भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर फ्रेम केलेली आठ-नऊ सर्टिफिकेटं. सवयीने फोन काढला, फोटो घेतला आणि घरी येऊन झूम करून वाचलं. एक वेबिनारचं होतं, दोन एकेका दिवसाच्या वर्कशॉपची, एक तीन दिवसांच्या इम्प्लांट कोर्सचं. त्यानंतर दोन दिवस मी फक्त "इम्प्लांट कोर्स" सर्च करत होतो, आणि इन्स्टाग्रामने मला डेंटिस्टच समजून टाकलं! फीडमध्ये जाहिरातींची रांग लागली: तीन दिवसांत इम्प्लांट शिका, पेशंटवर प्रत्यक्ष सराव, सीडीई पॉइंट्स मिळतील.

प्रश्न साधा आहे. डिग्री घेतल्यावर डॉक्टर नवीन गोष्टी शिकतात, हे चांगलंच आहे. पण तीन दिवसांत काय शिकता येतं, आणि ते आपल्याला कळणार कसं? भुसावळजवळ प्रॅक्टिस करणारी माझी एक मैत्रीण बीडीएस आहे. तिच्याकडून बरंच समजून घेतलं. ते इथे सोपं करून सांगतो.

आधी इम्प्लांट म्हणजे काय?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब. तो जबड्याच्या हाडात बसवतात, काही महिने थांबतात, हाड त्याला घट्ट धरतं आणि मग वर दात चढवतात.

हाड टायटॅनियमला धरतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं. ते दाताचे डॉक्टर नव्हतेच. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला हे इम्प्लांट बसवले. त्या माणसाचं २००६ मध्ये निधन झालं, तोपर्यंत ते इम्प्लांट टिकले. तरीही जगातल्या दंतवैद्यांना पटायला १९८२ ची टोरोंटोची परिषद उजाडली. सुरुवातीला हे तंत्र शिकायला सर्जन आणि कृत्रिम दात बसवणारा तज्ज्ञ अशी जोडी लागायची. एकट्याचं काम मानलंच जात नव्हतं. आज तेच एकट्याला तीन दिवसांत शिकवलं जातं.

दोन मिलिमीटरची गोष्ट

खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते. ओठ आणि हनुवटीची जाणीव तिच्यामुळे असते. ड्रिल खोल गेलं आणि नस दुखावली, तर त्या बाजूचा ओठ बधिर होऊ शकतो. चहा ओठावरून ओघळतो, पण कळत नाही. कधी हे काही आठवड्यांत बरं होतं, कधी कायमचं राहतं. म्हणून नसेपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचं, असा साधारण नियम आहे. वरच्या जबड्यात नाकाच्या बाजूला सायनसची पोकळी असते, तिथे वेगळी काळजी.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. ड्रिल फिरताना हाड तापतं. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट जरी हाड राहिलं तरी त्याला इजा होते, हे १९८३ च्या संशोधनातून पुढे आलं. म्हणून सलाईनचं पाणी सतत सोडत, थांबत थांबत ड्रिल करायचं असतं.

तिसरा मुद्दा हाताचा. अमेरिकेच्या कार्ल मिश यांनी हाडाचे चार प्रकार सांगितले आणि ड्रिल करताना हाताला ते कसे जाणवतात हे समजावायला लाकडांची उपमा दिली: ओक, पाइन, बाल्सा, आणि शेवटचा तर चक्क थर्माकोल. आपल्याकडचं बोलायचं तर एक सागवान आणि एक थर्माकोल. सागवानात घाई केली तर हाड जळेल, थर्माकोलमध्ये सवयीने जोर लावला तर स्क्रू पकडच घेणार नाही.

हे यूट्यूबवर बघून कळतं. हाताला मात्र कळत नाही.

मग डॉक्टर शिकतात कुठे?

बीडीएस पाच वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. दात काढणं, रूट कॅनाल, कवळी या कामांवर तिथे हात बसतो. इम्प्लांट पुस्तकात असतं, पण मैत्रिणीच्या शब्दांत, "कॉलेजात मी इम्प्लांट बघितले. लावला एकही नाही." पुढे तीन वर्षांचं एमडीएस करून ओरल सर्जरी, हिरड्यांचे आजार किंवा कृत्रिम दात यांपैकी एक शाखा घेतली, तर खरा सराव होतो. पण एमडीएसच्या जागा मर्यादित आणि खासगी कॉलेजांची फी भारी.

मधला रस्ता म्हणजे जास्त काळाचं शिक्षण. इग्नूने डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाबरोबर इम्प्लांटचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स तयार केला होता. विद्यापीठांच्या फेलोशिपही असतात. आणि सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे दोन-तीन दिवसांचे खासगी कोर्स. ते बरेचदा इम्प्लांट विकणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने चालतात. कोर्स संपताना हातात सर्टिफिकेट आणि कंपनीचं किट. यात बेकायदा काही नाही, पण शिकवणारा आणि विकणारा एकाच स्टेजवर असतात, एवढं लक्षात ठेवा.

खान्देशात हा प्रश्न जास्त मोठा का?

पुण्यातल्या डेंटिस्टला अडचण आली तर अर्ध्या तासावर तज्ज्ञ सापडतो. आपल्याकडे धुळ्याला एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. पण जुनी सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्रीच्या डॉक्टरला कोर्स करायचा तर क्लिनिक बंद ठेवा, रात्रीची गाडी पकडा, लॉजचे पैसे भरा आणि खुर्चीच्या कर्जाचा हप्ता तर चालूच. मैत्रीण म्हणाली, "महिनाभराचा कोर्स करायची इच्छा सगळ्यांना असते. महिनाभर क्लिनिक बंद कोण ठेवणार?"

आणि आपल्याकडचे पेशंट सोपे नाहीत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात हे कॉलेजच्या पोरांनाही माहीत असतं. सुपारी-गुटख्याने तोंड आतून आखडतं, पूर्ण उघडत नाही. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचवणं हीच कसरत. तंबाखू आणि ताब्यात नसलेली शुगर असेल तर इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो. कोर्समध्ये सरावासाठी सहसा साधी केस निवडून देतात. खान्देशातली साधी केस तेवढी साधी नसते.

फोनने काय बदललं, काय नाही

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये डेंटल वेबिनारचा पूर आला. त्याचा फायदा खरा आहे. धुळ्यात बसून मुंबईच्या सर्जनचं लेक्चर ऐकता येतं. अवघड केसचा स्कॅन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की रात्री अकरालाही सीनियरचं उत्तर येतं.

सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन तर मोठाच बदल आहे. साध्या ओपीजी एक्स-रेमध्ये चित्र सपाट असतं आणि थोडं मोठं दिसतं, त्यामुळे अंतर फसवं. सीबीसीटीत नस कुठे आहे हे तिन्ही बाजूंनी मोजता येतं. त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर गाइड छापतात. तो दातांवर बसवला की ड्रिल ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात जातं.

पण गाइड जागेवरून हलला तर? रक्त थांबत नसेल तर? स्क्रू बसताना सैल लागला तर? इथे फोन, स्कॅन, ॲप कोणी मदतीला येत नाही. इथे लागतो शेजारी उभा राहून "थांब, पुढे जाऊ नको" म्हणणारा सीनियर. पहिल्या दहा-वीस केसमध्ये असं माणूस बाजूला असणं, हेच खरं शिक्षण.

पॉइंट्स कशाचे मिळतात?

आता मुख्य अडचण. डेंटिस्टला ठरावीक मुदतीत सीडीई पॉइंट्स, म्हणजे सतत शिकत राहिल्याचे गुण, जमवावे लागतात. महाराष्ट्रात नोंदणी आणि तिचं नूतनीकरण महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होतं. कल्पना उत्तम आहे. पण हे गुण मुख्यतः हजेरीचे आहेत. तुम्ही हॉलमध्ये किती तास होतात हे त्यातून कळतं. नंतर किती इम्प्लांट लावले, त्यातले किती टिकले, हे कळत नाही. कॉलेजातल्या ७५ टक्के अटेंडन्ससारखंच. अटेंडन्स भरली म्हणून विषय आला असं आपणही म्हणत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने नॅशनल डेंटल कमिशन कायदा मंजूर केला. १९४८ च्या जुन्या डेंटिस्ट्स ॲक्टची जागा घेण्यासाठी. त्यात डेंटिस्टच्या राष्ट्रीय नोंदवहीची आणि पदवीनंतरच्या एक्झिट परीक्षेची तरतूद आहे. परीक्षा नवीन डॉक्टर तपासेल. पण दहा-पंधरा वर्षं प्रॅक्टिस झालेला डॉक्टर नवीन शस्त्रक्रिया शिकतो तेव्हा काय? माझं मत स्पष्ट आहे: नोंदवहीत नावापुढे नुसती डिग्री नको. कोणतं जादा प्रशिक्षण घेतलं, किती दिवसांचं, त्यात देखरेखीखाली किती केस केल्या, हेही फोनवर दिसायला हवं. आणि असं प्रशिक्षण धुळे-जळगावातच, शनिवार-रविवारी, वर्षभर मिळायला हवं. नाहीतर तीन दिवसांचा कोर्स करणाऱ्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर दुसरा पर्याय ठेवलाय कोणी?

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

घरात कोणाला इम्प्लांट सांगितला असेल तर हे करा:

१. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा. क्लिनिकमध्ये लावलेला नसेल तर विचारा आणि दंत परिषदेकडे तपासून घ्या.

२. सरळ विचारा: "असे किती केलेत? पहिल्या केस कोणाच्या देखरेखीखाली केल्या? अडचण आली तर कोणाला बोलावता?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

३. खालच्या मागच्या दाढेसाठी सीबीसीटी काढणार का, हे विचारा. काढला तर नुसता प्रिंट नको, फाइलही घ्या.

४. इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, साइज आणि लॉट नंबर असतो. फोटो काढून ड्राइव्हवर ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर नवीन डॉक्टर हेच विचारणार.

५. तंबाखू, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, काहीही लपवू नका.

मामाचं काय झालं? आम्ही परत गेलो तेव्हा मी वरचे प्रश्न विचारले. जरा घाबरतच. डॉक्टर हसले. म्हणाले, "समोरच्या दातांच्या सोप्या केस मी करतो. तुमच्या मामांच्या दाढेखाली हाड कमी आहे, नस जवळ आहे. यासाठी मी बाहेरून ओरल सर्जनना बोलावतो, आणि त्यांच्या बाजूला उभा राहून शिकतो." तीन दिवसांच्या त्या सर्टिफिकेटबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्या कोर्समधून सगळ्यात महत्त्वाचं काय शिकलो सांगू? कोणत्या केसला हात लावायचा नाही ते."

भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमपेक्षा मला हे वाक्य जास्त पटलं.

आधी तंबाखू बंद, मग स्कॅन, असं ठरलं आहे. मामाचा आज तंबाखूशिवायचा एकविसावा दिवस. भाकरी अजून एकाच बाजूने चावतो, पण "स्क्रू-बिक्रू नको" म्हणायचं मात्र थांबलंय.